नकाशांतलें ऊन

घराचा आरेखक आतां कागदावर रेघ ओढीत नाहीं. संगणकावरील गृहरचनेच्या सॉफ्टवेअरांत तो भिंत उभी करितो, आणि घटकाभरांत अंगणांतलें झाड व खिडकींतून येणारें कोवळें ऊनहि यजमानास दाखवितो. तें ऊन खरें काय, असें क्वचितच कोणी विचारितो.

छत्रपती संभाजीनगर सुमारें १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २० मेच्या सुमारापासून २३ जुलैच्या सुमारापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथें किंचित् उत्तरेकडे असतो. स्थळ व दिशा नीट भरल्यास स्केचअपसारखें सॉफ्टवेअर ही छाया बरोबर दाखवितें. न भरल्यास चित्र तितकेंच मोहक, पण ऊन परगांवचें! यजमानास हा भेद कळत नाहीं, आरेखकास कळतो. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो येथेंच.

वेरूळचें कैलास लेणें ८व्या शतकांत वरून खालीं खोदलें गेलें. चुकलेला घाव तेथें परत घेतां येत नव्हता. पडद्यावरची चूक एका कळीनें पुसतां येते, म्हणून ती हलकी वाटते. पुढें गवंडी तीच विटांत बांधितो, आणि जन्माची पुंजी घातलेलें कुटुंब तापल्या भिंतीशीं वैशाख काढितें. यजमानानें चित्र पसंत केलें होतें, ही सबब आम्हांस पटत नाहीं. त्यास पसंत पडलें तें सकाळचें ऊन. खोली पश्चिमेस होती.