दिलेली तारीख

माहेरच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्या वर्षीच्या जानेवारीच्या पानावर आईच्या हातचे दुधाचे आकडे होते, सिलिंडर लावल्याची फुली होती आणि माझ्यासाठी केलेली तीन वर्तुळं होती: १९, २७ आणि ३१. पोट एक, तारखा तीन. चौथी आजीची होती, पण ती कुठे लिहिलेली नव्हती. नऊ महिने नऊ दिवस, एवढंच तिचं म्हणणं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यातच मला पुण्याहून कुंडलला आणलं. आठव्यात बाईला हलवायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. कपड्यांबरोबर मी एक वही आणली होती, तिच्यात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. लोहाच्या गोळीने शी काळी होते, ती किती काळी झाली की फोन करायचा? बाळाला पोटात उचकी लागली तर पाणी मी प्यायचं का? शिंकताना पाणमोट फुटली आणि मला कळलंच नाही तर? रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या आणि पलूसच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे लागला तर? त्रेचाळीस प्रश्न भरले होते. ही सगळी एकाच प्रश्नाची पिलावळ आहे, हे लक्षात यायला मला डिसेंबर उजाडला. मूळ प्रश्न एवढाच, की कधी?

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला. २० एप्रिल. त्यावर त्यांनी नऊ महिने आणि सात दिवस चढवले आणि २७ जानेवारी लिहून दिली. साधारण २८० दिवसांचा हा हिशेब हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने चालतो, आणि त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. (आजीच्या हिशेबात आणि त्याच्या हिशेबात दोन दिवसांचा फरक. आजीने नेगेलेचं नाव ऐकलेलं नाही.) मला खटकायचं ते वेगळंच. पाळीपासून मोजायचं, तर पहिले दोन आठवडे बाळ होतं कुठे? कुठेच नव्हतं. कागद मला महिन्याची गरोदर म्हणत होता, तेव्हा बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं होतं. सुरुवातच अशी उधारीवर, तर शेवटावर काय भरवसा ठेवायचा?

माझ्या वडिलांना, अण्णांना, यात काहीच नवल वाटलं नाही. "आपण बी छाटणीपासनंच मोजतो की," म्हणाले. आणि खरंच. ऑक्टोबरात द्राक्षबागेला कात्री लागली की दिवस सुरू होतात. तेव्हा वेलीवर नुसत्या काड्या असतात, पान नाही की घड नाही. तरी औषधाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, बाग किती दिवसांची? डोळा आतून कधी जागा झाला, ते कुणी बघितलेलं नसतं. कात्री कधी लागली, ते वहीत असतं. माणूस मोजतो ते जे आठवतं तिथपासून. डॉक्टर आणि अण्णा एकाच शाळेचे निघाले. माझ्या मोबाइलमधलं ॲप दर आठवड्याला बाळ कुठल्या फळाएवढं झालं ते सांगायचं. एकदा त्याने द्राक्ष म्हटलं, तर अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "माणिक चमन का सोनाका?" दोन्हींत फरक आहे, हे त्या ॲपच्या गावीही नव्हतं.

बाकीची दोन वर्तुळं सोनोग्राफीची. तिसऱ्या महिन्यातली म्हणाली ३१, आठव्यातली म्हणाली १९. मी रात्रभर जागी. बारा दिवस बाळाने कुठे घालवले? सकाळी फोनवर डॉक्टर हसल्या. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच चालीने वाढतात, म्हणून लांबी मोजली की वय निघतं, चूक झाली तरी पाचसात दिवसांची. पुढे प्रत्येकजण आपापल्या घराण्यावर जातो. आठव्यात मशीन बाळाचा आकार मोजतं आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधतं. माझ्या सासरची माणसं थोराड हाडाची, एवढाच त्या १९ तारखेचा अर्थ. "पहिली धरा," त्या म्हणाल्या, "आणि तीही फार धरून बसू नका."

पहिलटकरीण हीच चूक करते. मी तरी केली. तारीख म्हटल्यावर मला लग्नाची, परीक्षेची, कोर्टाची तारीख आठवली. दिलेल्या दिवशी हजर राहायचं, अशी. प्रत्यक्षात त्या दिवशीच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. सदतीस आठवडे पुरे झाल्यापासून बेचाळीसपर्यंत केव्हाही, अशी ती पाच आठवड्यांची मोठी खिडकी असते, आणि तिच्या एका गजावर कुणीतरी खूण करून ठेवतं. पहिली बाळं सरासरीने थोडी उशिराच येतात.

हे आजी मला उसाच्या भाषेत सांगत होती, पण माझं लक्ष नव्हतं. लागणीची तारीख कारखान्यात नोंदलेली असते. आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांनी तोडायला येतो, त्या हिशेबाने कार्यक्रम लागतो. त्याच दिवशी तोडणीची टोळी फडात उतरली, असं मी जन्मात ऐकलेलं नाही. "तारीख कागदाला दिल्याली असती गं," आजी म्हणायची. "टोळीला कुठं दिल्याली असती?"

२४ ला रात्री कळा आल्या. गाडी काढली, दवाखाना गाठला, तिथे पोचताच कळा गायब. खोट्या कळा. येताना सगळ्यांनी भजी खाल्ली. २७ गेली. २८ पासून फोन सुरू झाले. "काय गं, झालं का?" जणू मी विसरले होते. मावशी, नणंद, ऑफिसातली शेजारीण, सगळ्यांना तारीख सांगायची चूक मीच केली होती. ३१ गेली. आता भीती उलटी: तुरा आलेल्या उसाचं वजन घटतं म्हणतात, माझं काय? एक्केचाळीस आठवड्यांच्या पुढे डॉक्टरही वाट बघत बसत नाहीत, कळा आणायचं बघतात. आजी निवांत होती. तिला स्वतःलाच जन्मतारीख नाही. शेणोलीला पत्री सरकारवाल्यांनी पगाराची रेल्वे लुटली, त्या सालच्या पावसाळ्यातली ती, म्हणजे १९४३. आधार कार्डावर १ जून आहे, शाळेत गुरुजींनी लावून दिलेली. तिच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. "पिकलं की पडतंय," म्हणायची, आणि वाती वळत बसायची.

२ फेब्रुवारीला पहाटे मुलगी झाली. रस्त्यात ट्रॅक्टर लागलाच, पण त्याने बाजू दिली.

सकाळी आजी दवाखान्यात आली. नातीची लेक बघायच्या आधी तिने विचारलं, "वेळ काय झाली?"

नर्सच्या कागदावर भिंतीवरच्या घड्याळाची वेळ होती, तीन वाजून बारा. नवरा बाहेर उभा होता, त्याने रडणं ऐकलं तेव्हा मोबाइलवर तीन वाजून आठ झाले होते. जन्माआधी चार मिनिटं रडणारं बाळ कुणाला परवडणार? आजीने दोघांची उलटतपासणी घेतली. घड्याळ पुढे आहे का, मोबाइल मागे आहे का, रडणं पहिलं ऐकलं का दुसरं. पत्रिका करायची, अक्षर काढायचं. मी पडल्या पडल्या सांगून बघितलं, की अक्षर नक्षत्राच्या चरणावरून निघतं आणि एक चरण सहा तासांच्या आसपास चालतो. तिने मला झोपायला सांगितलं.

घरी गेल्यावर आईने कालनिर्णयाचं पान उलटलं आणि २ तारखेच्या चौकटीत, 'दूध दीड'च्या खाली, ३.०८ लिहिलं. आजीने तिला पेन ठेवू दिलं नाही. शेजारी ३.१२ पण लिहायला लावलं.