न मोजलेला धूर

आंजर्ल्याला मामाच्या अंगणात त्याची जुनी डिझेल गाडी उभी असते. चढावर दमते म्हणाला, म्हणून व्हॅक्यूमच्या नळ्या तपासायला मी बॉनेट उघडलं.

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूंचा काही भाग परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. चाचणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्हला हातपंप जोडायचा आणि हवा खेचायची. पंपाचा काटा टिकून राहिला तर आतला पडदा शाबूत. इंजिन अडखळलं तर वाट मोकळी. काटा टिकला, पण इंजिन ढिम्म. खोललं तर वाटेत पत्र्याची चकती.

"मेकॅनिकने टाकलीय," मामा म्हणाला. "अरे, पीयूसी आहे की गाडीची!"

खरंच होती. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. गंमत म्हणजे ईजीआर चालू असला की काजळी थोडी वाढते. म्हणजे चकती टाकलेली गाडी परीक्षेत जास्त स्वच्छ ठरणार!

२०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघडकीला आली. प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १.१ कोटी गाड्यांत होतं. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि हे बदमाशांचं काम वाटलं होतं. आता रोज टेस्ट केस हिरव्या करून घरी जाताना तेवढी खात्री वाटत नाही.

मामाची गाडी खोटं बोलत नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देत होती. मग न विचारलेल्याचं उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक आहे का? इथल्या खाऱ्या वाऱ्यात एका गाडीचा धूर तो केवढा? पण हा युक्तिवाद प्रत्येक गाडीवाला करू शकतो, आणि सगळ्यांनी केला की तो कोसळतो. यंत्र मोजतं ते आपल्या कर्तव्याचं एक टोक. उरलेलं कर्तव्य दुसऱ्याच्या श्वासापाशी असतं, तिथे यंत्र पोचत नाही.

याच किनाऱ्यावर कासवांची अंडी राखतात, पिल्लं समुद्रात सोडतात. त्यातली किती जगली, हे राखणाऱ्याला कधीच कळत नाही. तरी पुढच्या वर्षी राखण होते.

गाडी मामाची होती, म्हणून सगळं सांगून त्यालाच विचारलं. चकती काढली तर धूर वाढेल, पीयूसीत अडकशीलही, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"काढ," म्हणाला. "पण पुढच्या पीयूसीला तू यायचंस."

जाणार आहे.