लढाईआधीची नोकरी

संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शेंद्र्याची एमआयडीसी लागते. या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एके काळी हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. ही फौज १९०३ साली हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्यातली एक पलटण पुढे ४/१९ हैदराबाद, म्हणजे १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण झाली. नाव हैदराबादचं, जवान बहुतेक उत्तरेतले! १९४५ साली तिची रेजिमेंट कुमाऊं झाली आणि १९४७ साली काश्मीरात बडगामला मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले ते याच पलटणीतून. बडगाम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीचं कोणी विचारत नाही.

अधिकाऱ्यांचंही तेच. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात म्हटलं की १९४५ची ब्रह्मदेशातली कांगॉची लढाई आणि डीएसओ आठवतो. पण १९२६ साली सँडहर्स्टहून बाहेर पडल्यावर दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या वर्षांत त्यांनी काय केलं? अशा शोधात हाती लागते ती आर्मी लिस्ट, अधिकाऱ्यांची छापील यादी. हुद्दा, तारीख, पलटण. बाकी काही नाही. मला मात्र तिच्यातला पलटणीचा आकडाच सर्वांत बोलका वाटतो. थोरातांची पलटण १/१४ पंजाब. १९२३ साली सरकारने हिंदी अधिकाऱ्यांसाठी ज्या आठ पलटणी आणि रिसाले नेमून दिले, त्यांत ही होती. पुढे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांची ४/१९ हैदराबादही होती. गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी माणसाने हुकूम सोडायची वेळ येऊ नये, म्हणून ही सोय. पुढे १९३२ साली देहरादूनची अकादमी निघाली. तिथून आलेल्यांना पगार कमी, आणि हाताखाली प्लॅटून, म्हणजे आजवर जमादार सांभाळत तेवढंच काम.

अमेरिकेच्या अमलाखालच्या फिलिपिन्समध्येही फार वेगळं नव्हतं. व्हिसेंते लिम १९१४ साली वेस्ट पॉइंटचे पहिले फिलिपिनो पदवीधर झाले आणि फिलिपाइन स्काउट्समध्ये गेले. म्हणजे तिथेही देशी माणसांसाठी वेगळी फौज. बताआनच्या लढाईत त्यांनी ४१वी डिव्हिजन सांभाळली, १९४४ साली जपान्यांनी त्यांना मारलं. अमेरिकी लष्कराच्या त्या काळातल्या माणसांची कागदपत्रं शोधायला जावं, तर १९७३ साली सेंट लुइसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवेतून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. आपल्याकडे निदान छापील याद्या उरल्या, त्याही अधिकाऱ्यांच्याच. शिपायाला त्यांत जागा नाही.

म्हणून शांततेच्या काळातली ती कोरडी पानं मी पदकांच्या यादीपेक्षा जास्त मन लावून वाचतो. थोरातांच्याच १/१४ पंजाबमध्ये कॅप्टन मोहनसिंग होते. मलायात जपान्यांना शरण गेल्यावर १९४२ साली पहिली आझाद हिंद सेना त्यांनीच उभारली. आझाद हिंद सेनेत गेलेले शाहनवाज खान त्याच पलटणीचे, आणि पुढे पाकिस्तानचे सर्वेसर्वा झालेले अयुब खानही. सरकारने हिंदी अधिकारी एका कोपऱ्यात एकत्र ठेवले ते त्यांना आवरण्यासाठी. ते तिथे एकमेकांशी काय बोलले, हे मात्र कोणत्याच यादीत छापलेलं नाही.