पाटल्या

गेल्या महिन्यात बेलापूरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात ‘नदीकाठच्या संस्कृती आणि बायका’ यावर तासभर बोललो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, टिपणं लागली नाहीत. इजिप्तची नौनाख्ते सांगितली. इसवी सनापूर्वी ११४५च्या सुमारास तिने साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं आणि म्हातारपणी ज्यांनी विचारपूस केली नाही त्या मुलांना आपल्या वाट्यातून चक्क वगळलं. टाळ्या पडल्या. मग बाबिलोनच्या हम्मुरबीचा कायदा. नवऱ्याची सत्ता मोठी, शिक्षा भयंकर. पण मूल नसलेली बायको सोडायची तर तिने माहेरून आणलेलं सगळं परत करावं लागे.

सिंधूकाठी आलो. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटीमीटरची ब्राँझची पोरगी, डावा हात दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेला. खणणाऱ्यांना वाटलं म्हणून ती ‘नर्तकी’. लिपी वाचता येत नाही, तेव्हा तिच्या मालकीचं काय होतं कोण सांगणार, असं म्हणून मी आपल्या घोड नदीवर सरकलो. इनामगावला पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष सापडला. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो गावचा मुखिया असावा असं मांडलं. मी वर्गात तेवढा ‘असावा’ गाळायचो. रांजणात तो, म्हणजे घर त्याचं. इतका सरळ हिशोब.

ही दुसऱ्या रांगेत बसली होती. बांगड्यांशी आलो तेव्हा आमची नजरानजर झाली आणि माझं एक वाक्य अर्ध्यावर तुटलं.

१९९४ साली महाराष्ट्राने वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. वर्गात मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. पुढच्याच वर्षी सेक्टर आठमधलं हे घर घेतलं. पैसे कमी पडले तेव्हा हिने माहेरच्या पाटल्या काढून दिल्या. कागद माझ्या एकट्याच्या नावावर झाले. कुणी अडवलं नव्हतं, मलाच सुचलं नाही. सुचलं नाही असं निदान आजवर म्हणत आलो.

व्याख्यानानंतर तिचं नाव लावायचा फॉर्म आणला. ती म्हणाली, “अहो, आता कशाला हेलपाटे?” मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आठ दिवस डोक्यातून जात नाही. हेलपाट्यांचा कंटाळा नव्हता तो. अर्धं घर तिचं झालं की कुणाला काय द्यायचं हे ती मला न विचारता ठरवील. नौनाख्ते मला तीन हजार वर्षं लांबच बरी वाटते.

काल ती मेथी निवडत होती. सहज विचारल्यासारखं करून म्हटलं, “पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या गं?”

“पाच तोळे, तीन गुंजा,” ती म्हणाली. मान वर केली नाही.