जुन्या नाण्यावरील मळ

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी आजीच्या माळेंतून सुटलेला रुपया घेऊन घरीं आला. नंदुरबारकडील भिल्ल व पावरा कुटुंबांत रुपयांच्या अशा माळा अद्यापि जपलेल्या आढळतात. रुपया व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा, १८६२ सालचा, काळवंडलेला. "सर, बहिणीच्या लग्नाआधीं चिंचेनें घासून लखलखीत करूं का?" एवढाच त्याचा प्रश्न. मला मात्र उत्तर सुचेना. लहानपणीं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं देव्हाऱ्यांतील एक प्राचीन चांदीचें नाणें मीं राखेनें इतकें घासलें होतें कीं, त्यावरील अक्षरें वडिलांना पुन्हां कधीं लागलीं नाहींत. त्यांनीं तें उलटसुलट करून पाहिलें व मुकाट्यानें जागीं ठेवलें. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें.

चांदीवरील काळिमा म्हणजे बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. हवेंतील गंधकाशीं संयोग पावलेली ती चांदीच होय. घासतांना ती जाते, आणि अक्षरें उंचवट्यावर असल्यामुळें पहिला घाव त्यांवर बसतो. म्हणून जाणता संग्राहक नाणें कडेनें धरतो, फार तर ऊर्ध्वपातित पाण्यांत बुडवून मऊ कापडावर टिपतो आणि थांबतो. तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी सुटूं लागली तर मात्र तो रोग समजावा व तज्ज्ञ गांठावा.

परंतु आपल्या मालकीच्या वस्तूवरील काळाची खूण पुसण्याचा अधिकार आपणांस आहे काय? १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. तरी खालीं नहपानाचा चेहरा व अक्षरें डोकावतच होतीं. जित शत्रूचें नांव साफ पुसून टाकण्याची टापटीप त्या टांकसाळीनें दाखविली असती, तर या दोन राजांच्या पौर्वापर्याचा इतका बोलका पुरावा आपणांस लाभला नसता. आपल्या घरांतील स्वच्छतेच्या हौसेनें असे किती पुरावे राखेंत गेले असतील, कोण जाणे!

आतां या रुपयाची गोष्ट निराळी, हेंहि कबूल केलें पाहिजे. त्या छापाचे रुपये विपुल आहेत. शिवाय यास कडी डागलेली. इतिहासाचें त्यांत कांहीं अडलेलें नव्हतें. अंगावर ल्यावयाचा दागिना उजळूं नये, असें कोणत्या तोंडानें सांगावें? पण न्याहाळून पाहतां राणीचा गाल एका अंगास गुळगुळीत झालेला दिसला. तो म्हातारीच्या गळ्याशीं घासून झिजला होता. मीं म्हटलें, "चिंच नको. रिठ्याच्या पाण्यांत नुसता बुडवून काढ. आणि त्याआधीं आजींना विचार."

आठवड्यानें तो पुन्हां आला. आजी म्हणाली होती, "बाकीचे सगळे काळे, हा एकटाच कशाला चमकवतोस?" रुपया त्यानें तसाच ओवून घेतला होता.