बेटावरची तर्कटं

विमान बेटावर कोसळतं. काही माणसं वाचतात. रात्री जंगलात काहीतरी अजस्र झाडं मोडत फिरतं, आणि उष्ण कटिबंधातल्या त्या रानात चक्क ध्रुवीय अस्वल निघतं. सप्टेंबर २००४मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘लॉस्ट’ ही मालिका सुरू झाली ती अशी. प्रेक्षकांनी लगोलग उत्तरं द्यायला सुरुवात केली. प्रश्न अजून पुरते विचारून व्हायचे होते.

*

सगळ्यात जुनं तर्कट: हे सगळे मेलेले आहेत. बेट म्हणजे स्वर्ग आणि नरक यांच्यामधला मुक्काम.

मालिकेचे कर्तेधर्ते डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज वर्षानुवर्षं ‘नाही’ म्हणत राहिले. ते जितकं नाही म्हणाले, तितकी लोकांची खात्री वाढली. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस इतक्यांदा नाही कशाला म्हणेल? संशय एकदा मुरला की नकार हा पुरावाच होतो, आणि मौन हा कबुलीजबाब.

२३ मे २०१० रोजी शेवटचा भाग लागला. त्यात मेल्यानंतरच्या भेटीची एक जागा खरंच निघाली. पण बेटावर घडलं ते सगळं खरं घडलं होतं, हेही त्याच भागात एक पात्र स्पष्ट शब्दांत सांगतं. एवढ्यावर भागलं असतं. पण श्रेयनामावलीमागे विमानाचे अवशेष दिसले. रिकामा किनारा, जवळपास चिटपाखरू नाही. झालं! म्हणजे पहिल्याच दिवशी सगळे गेले होते, कुणीच वाचलं नव्हतं.

ती दृश्यं लेखकांची नव्हतीच. एवढी मोठी मालिका संपून लगेच बातम्या सुरू होणार, मध्ये प्रेक्षकाला जरा उसंत मिळावी म्हणून वाहिनीने ती जोडली होती. सहा वर्षांच्या लेखनाचा अर्थ कुणाच्या तरी चांगुलपणाने फिरवला. आजही कित्येकजण तुम्हाला सांगतील, ‘ते सगळे मेलेलेच होते ना?’

*

वॉल्ट हा दहा वर्षांचा मुलगा. पहिल्या वर्षी त्याच्याभोवती केवढं गूढ! तो पक्ष्याचं नाव काढतो आणि पक्षी येऊन काचेवर आपटून मरतो. बेटावरचे ‘ते दुसरे’ लोक त्यालाच पळवून नेतात. आणि मग तो कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. तर्क लढवणाऱ्यांनी त्याला बेटाचा वारस ठरवला, काळाच्या पलीकडे धाडला.

खरी गोष्ट अशी की मुलगा उंच झाला. बेटावर दोनेक महिने सरले, तेवढ्यात चित्रीकरणाची दोन वर्षं गेली होती आणि माल्कम डेव्हिड केली हा बालनट वयात येत होता. पुढे या मालिकेने काळ मागेपुढे हवा तसा नेला. त्या पोराची उंची मात्र तिला आवरली नाही.

मिस्टर एको हा आधी गुंड, मग धर्मगुरू. तिसऱ्या वर्षी जंगलातल्या त्या अजस्र काळ्या धुराने त्याला आपटून मारलं. त्याने पश्चात्ताप नाकारला म्हणून त्याला हे शासन, असा अर्थ लोकांनी लावला. तो चांगला अर्थ आहे. मला तर पटतो. नटाला हवाई बेटं सोडून घरी जायचं होतं, हेही खरं आहे. दोन कारणं, मरण एकच.

त्या धुराचा कटकट आवाज कित्येकांच्या स्वप्नात आला असेल. त्यात न्यूयॉर्कच्या टॅक्सीतल्या पावती छापणाऱ्या यंत्राचा आवाज मिसळलेला आहे.

*

हे ‘लॉस्ट’पुरतं नाही. १९९०च्या ‘ट्विन पीक्स’मध्ये बॉब नावाचं पिशाच आहे; त्याच्या उगमावर आजवर काय काय लिहिलं गेलं. त्याचा पडद्यामागचा उगम सोपा आहे. फ्रँक सिल्व्हा हा सेटवर सामान लावणारा माणूस. तो एका प्रसंगात चुकून आरशात दिसला. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर पुन्हा चित्रीकरण करून मोकळा झाला असता. डेव्हिड लिंचने ते प्रतिबिंब ठेवलं आणि त्या माणसाला पिशाच केलं.

म्हणून ‘हे तर चुकून झालं’ असं म्हणून उडवून लावणाऱ्यांशीही माझं पटत नाही. चूक कुणाचीही होते. ती ठेवायची की पुसायची, हे कुणीतरी ठरवतं.

*

थिअरी मांडणाऱ्याला उत्तर हवं असतं, असं आपण समजतो. त्याला हवी असते हमी: उत्तर कुणाकडे तरी आहे, कुठेतरी ते लिहून ठेवलंय, पहिल्या दिवसापासून ठरलंय. म्हणून लिंडेलॉफ-क्यूज यांना सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न धुराचा किंवा अस्वलाचा नव्हता. ‘तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का?’ हा होता.

लबाड लेखक चालतो. आपल्याला मुद्दाम चकवणारा तर फारच चालतो. गोंधळलेला लेखक सोसत नाही. देवाच्या बाबतीतही आपलं असंच आहे: कोपलेला परवडतो, नवस फेडून समजूत घालता येते, गैरहजर परवडत नाही.

लेखकांनाही हे कळत होतं. पहिल्या वर्षी एका गुहेत दोन सांगाडे सापडले होते. हे कोण ते उलगडलं की आमची आखणी आधीपासून होती हे तुम्हाला पटेल, असं ते सांगत आले. मे २०१०मध्ये उलगडलं. पण पहिल्या वर्षी डॉक्टर असलेल्या जॅकने कपड्यांची अवस्था पाहून ते सांगाडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे ठरवले होते, आणि निघाले ते जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचे. आखणीचा पुरावा म्हणून जे जपलं, त्यातच शिवण उसवली. थिअरीवाल्यांनी मात्र लेखकांना वाचवलं: जॅक शल्यविशारद, त्याला जुन्या कापडातलं काय कळणार? भक्त देवापेक्षा दक्ष असतो तो असा.

*

बेटावर जमिनीखाली एक तळघर. त्यात संगणक. दर १०८ मिनिटांनी त्यात सहा आकडे भरायचे आणि बटण दाबायचं: ४, ८, १५, १६, २३, ४२. नाही दाबलं तर काय होईल हे विमानातून वाचलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही. आकड्यांची बेरीज १०८. मराठी माणसाला इथे जपमाळ आठवली नाही तरच नवल. त्या तळघरात बटण दाबत बसलेला डेझमंड करत होता तो जपच होता.

तिथे ठेवलेली माहितीपटाची जुनी फिल्म पाहून झाल्यावर विमानातून वाचलेला जॉन लॉक म्हणतो, ही पुन्हा पाहावी लागेल. मालिकेने आपल्या प्रेक्षकाचं इतकं नेमकं चित्र दुसरीकडे कुठे काढलेलं नाही. पुढे लॉकला दुसऱ्या एका तळघरात दुसरी फिल्म सापडते. ती सांगते, बटण हा फक्त मानसशास्त्रीय प्रयोग आहे. लॉक एका तर्कटातून उठतो आणि दुसऱ्यात जाऊन बसतो, तेवढ्याच ठामपणे. बटण दाबायचं सोडतो. बटण खरं होतं. मुळात ते विमानच डेझमंडला एकदा उशीर झाल्यामुळे पडलं होतं.

ज्याचा विश्वास उडतो तो बहुधा संशयी होत नाही. तो घाईघाईने दुसरा विश्वास गाठतो.

*

या आकड्यांना दोन उत्तरं मिळाली. २००६मध्ये मालिकेबाहेरच्या एका कोडेखेळात सांगितलं गेलं की हे मानवजातीचा शेवट वर्तवणाऱ्या समीकरणातले अंक आहेत. शेवटच्या वर्षी मालिकेने सांगितलं की बेटाचा रखवालदार होऊ शकतील अशा माणसांचे हे क्रमांक: लॉक ४, हर्ली ८, असं करत ४२पर्यंत. दोन्ही उत्तरं ऐकून लोक म्हणाले, बरं, पण हेच आकडे का?

वेताळाने विक्रमाला घातलेल्या कोड्यांत हीच खुबी आहे. राजाचं उत्तर बिनतोड असतं, आणि ते देताक्षणी प्रेत खांद्यावरून निसटून पुन्हा झाडाला लोंबतं. बरोबर उत्तराचं बक्षीस म्हणजे पुन्हा पायपीट. शेवटच्या कोड्यात बाप मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी; मग दोन्ही जोडप्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सुचत नाही. तो गप्प राहून चालत राहतो. वेताळ प्रसन्न होतो तो त्या गप्प राहण्यावर.

लिंडेलॉफ-क्यूज यांनी शेवटच्या वर्षी उत्तरं द्यायला घेतली. दर उत्तराला प्रेत झाडावर.

आकड्यांचं पुढे झालं ते मालिकेहून मजेदार. जानेवारी २०११मध्ये ‘मेगा मिलियन्स’ या अमेरिकी लॉटरीच्या सोडतीत ४, ८, १५ आणि ४२ हे चार निघाले. कथेत हर्ली याच आकड्यांवर लॉटरी जिंकतो आणि त्याचं वाटोळं होतं, हे माहीत असूनही हजारो लोक ते लावत होते. बहुतेकांना दीडशे डॉलर मिळाले. वाटोळं व्हायला रक्कम कमी पडली असावी.

*

एका जातीच्या थिअरीचा मला कंटाळा आहे: हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात चाललंय. नायक कोमात आहे. मुलगी झोपेत आहे. ही सगळ्या कुलपांना लागते, म्हणून ती किल्ली नव्हे, हातोडा आहे.

१९८८मध्ये ‘सेंट एल्सव्हेअर’ या रुग्णालयाच्या मालिकेने आपल्या शेवटी खरंच तसं सुचवलं: टॉमी वेस्टफॉल नावाचा एक स्वमग्न मुलगा काचेच्या गोळ्यात पाहतोय, आणि रुग्णालय त्या गोळ्यात आहे. मग चाहत्यांनी हिशेब मांडला. या मालिकेतली पात्रं त्या मालिकेत येऊन गेली, त्यातली आणखी तिसरीत. म्हणजे त्याही टॉमीच्याच डोक्यात. करता करता शेकडो मालिका त्या पोराच्या डोक्यात जाऊन बसल्या. थट्टा म्हणून हे अजोड आहे. कंटाळवाण्या थिअरीची यापेक्षा चांगली फजिती कुणी केलेली मला माहीत नाही, आणि करणाऱ्यांचा तो हेतूही नसावा.

मला आवडतात त्या थिअऱ्या लहान असतात. या पेल्यातलं पाणी मघाशी जास्त होतं. ती बाई दार लावताना मागे का पाहते? त्यांतल्या बहुतेक चुकीच्या निघतात. पण मांडणाऱ्याने पेला पाहिलेला असतो, बाईही पाहिलेली असते. बाकीचे आपण जेवता जेवता टीव्ही बघतो.

*

‘लॉस्ट’ संपल्यावरही लिंडेलॉफला वर्षानुवर्षं लोकांची बोलणी खावी लागली. २०१४मध्ये त्याने टॉम पेरोटाच्या कादंबरीवरून ‘द लेफ्टओव्हर्स’ आणली. जगातली दोन टक्के माणसं एका क्षणी नाहीशी होतात. का, ते सांगणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. हात पोळलेला माणूस दुसऱ्यांदा भांडं फडक्याने धरतो.

२०१७मध्ये शेवट. नोरा, जिची दोन्ही मुलं आणि नवरा त्या दोन टक्क्यांत गेले, ती आता म्हातारी. समोर तिचा एकेकाळचा प्रियकर केव्हिन. ती त्याला सांगते की ती पलीकडे जाऊन आली, तिने त्यांना पाहिलं, आणि परतली. कॅमेरा पलीकडचं काहीही दाखवत नाही. दिसतो फक्त तिचा चेहरा. केव्हिन म्हणतो, माझा तुझ्यावर विश्वास आहे.

ती गेली होती की नाही यावर अजून वाद चालतात. ते होणारच. पण या वादात एक निराळेपण आहे: खोटं असेल तर ती खोटं का बोलली, आणि त्याने ऐकून का घेतलं, हे विचारावं लागतं. तर्क बेटाकडून माणसाकडे वळतो. ‘लॉस्ट’लाही हेच साधायचं होतं असं तिचे कर्ते शेवटी म्हणत होते, पण अस्वल आणून ठेवल्यावर लोक आधी अस्वलाचंच विचारणार, यात लोकांची चूक मला दिसत नाही.

*

‘लॉस्ट’मधला एक प्रश्न राहिला. पाचव्या वर्षी काही जण होडीतून पळतात. मागून दुसरी होडी येते, तीतून गोळ्या झाडल्या जातात. पळणाऱ्यांतली ज्युलिएट उलट गोळी घालते, मागच्या होडीतल्या कुणाला तरी लागते, आणि तेवढ्यात काळ उडी मारतो. मागच्या होडीत कोण होतं, ते शेवटपर्यंत दाखवलं नाही. प्रसंग लिहिला होता, पण न दाखवणंच बरं वाटलं, असं कर्त्यांनी नंतर सांगितलं.

माझा संशय नंतर दुसऱ्या विमानातून बेटावर आलेल्या इलानावर आणि तिच्या माणसांवर आहे. पुढच्या होडीत ‘अजिरा एअरवेज’ची पाण्याची बाटली आहे, म्हणजे ते दुसरं विमान तोवर उतरलेलं होतं, आणि त्या दिवसांत बेटावर बंदुका आणि होड्या दोन्ही हाताशी असलेली मंडळी मोजकीच. गोळी ज्याला लागली तो तिच्या टोळीतला एखादा बिननावाचा गडी असावा, म्हणून तर पुढे त्याची कुणाला आठवण आली नाही. यात एक अडचण आहे: इलानाची माणसं ओळखपाळख न विचारता गोळी का घालतील? त्यालाही माझ्याकडे उत्तर आहे, पण त्यासाठी सहाव्या वर्षातले दोन भाग पुन्हा पाहावे लागतील.