फळीची खालची बाजू

तिरुवल्लिकेणीच्या जाम बझारात एक पोरगा मीनबॉडी वंडी चालवायचा. तीन चाकं, लोखंडी अँगलचा सांगाडा, वर आडव्या लाकडी फळ्या. चेन्नईच्या अरुंद गल्ल्यांत तांदळाच्या गोण्यांपासून लोखंडी कपाटांपर्यंत काय वाटेल ते हिच्यावरून जातं. मामा थकला तशी गाडी भाच्याकडे आली होती.

भाचा हौशी. कुणीतरी उतरवून टाकलेला फ्लेक्स त्यानं फळ्यांवर ताणला, कडा खाली दुमडून खिळे मारले. गाडी नवी दिसू लागली. पाणी वरच्यावर ओघळून जाईल, असा त्याचा हिशेब.

तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तो सरता सरता एका गोणीखाली फळी करकरली. पोरगा पायक्रॉफ्ट्स रोडमागच्या गल्लीत म्हाताऱ्या आसारीकडे, म्हणजे सुताराकडे, गेला.

"अय्या, सगळ्या फळ्या उपटा आणि एकसंध प्लायवुड ठोका. पैसे जमवलेत मी."

आसारीनं जमिनीवर पोतं टाकलं, सरपटत गाडीखाली गेला आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका फळीत खुपसून पाहू लागला. कुठे टणक आवाज, कुठे टोक बोटभर आत.

"तंबी, तूही ये खाली."

पोरगा प्रथमच आपली गाडी खालून बघत होता. फळी अँगलवर टेकते नेमकं तिथे, बोल्टांभोवती, काळा ओला पट्टा. खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत शिरलं होतं आणि फ्लेक्सनं ते आतच कोंडून ठेवलं होतं. त्यात मरिना किनाऱ्याची खारी हवा. नट गंजून फुगलेले. लाकूड भिजल्यानं सडत नाही, भिजलेलं राहिल्यानं सडतं. ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली, तर बुरशी सहसा धरतच नाही.

"तीनच गेल्यात," आसारी म्हणाला. "बाकीच्या घट्ट आहेत. प्लायवुडच्या कडा पाण्यानं फुगतात, आणि एक कोपरा गेला की अख्खी शीट बदला."

"पण सगळ्या बदलल्या असत्या, तर तुम्हालाही चार पैसे जास्त मिळाले असते."

"चांगली फळी काढायला हात कसा उचलू?"

त्या दिवशी आसारीकडे दुसरं काम नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं.

पाडलेल्या एका जुन्या घराची सागवानी चौकट त्यानं चिरून घेतली. अँगल घासून त्यावर रेड ऑक्साइड दिलं. फळ्या बसवायच्या आधीच त्यांच्या खालच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांना जवसाचं तेल पाजलं. टोकांना दोनदा, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते तिथूनच. मग दोन फळ्यांमध्ये एक जाड खिळा उभा धरून तेवढी फट सोडली.

"फटीतून पाणी गळेल की!" पोरगा म्हणाला.

"गळू दे. त्यासाठीच सोडलीय."

गोल डोक्याचे जस्ती बोल्ट आवळून झाल्यावर आसारीनं तीनच फळ्यांचे पैसे घेतले. फ्लेक्सची गुंडाळी पोरानं आपणहून कचऱ्यात टाकली.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बाजारातला दुसरा गाडीवाला त्याच्याकडे आला. "तंबी, तुझ्या गाडीवर फ्लेक्स होता ना, तसा मलाही ताणून दे. फळ्या फार वाईट दिसतात."

पोरानं पोतं अंथरलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं खालूनच आवाज आला, "अण्णा, दोन फळ्या गेल्यात. वर काही टाकू नका. आधी या, इथे खाली बघा."